मिती आणि कॅरॅक्टर टेबल (घटक मॅट्रिक्स म्हणून मांडल्यावर, म्हणजे रिप्रेझेंटेशनमध्ये, येणाऱ्या ट्रेसचा तक्ता) सारखंच असेल, तर दोन हॉफ अल्जिब्रा (ग्रुप अल्जिब्राचं व्यापक रूप) वेगळे कसे ओळखायचे?

फ्रोबेनियस-शूर इंडिकेटर काढा: प्रत्येक इर्रिड्युसिबल (आणखी न फुटणाऱ्या) रिप्रेझेंटेशनला मिळणारा १, ० किंवा −१ हा आकडा. उदाहरणार्थ, चौरसाच्या सममितींचा गट आणि क्वाटर्नियन गट यांच्या ८ मितींच्या ग्रुप अल्जिब्रांत (गटाचे घटक पाया धरून बनलेल्या अल्जिब्रांत) फरक लगेच दिसतो. मुंबई विद्यापीठात, कलिन्याला, एमएस्सीच्या मुलांना मी हे फळ्यावर करून दाखवते. प्रत्येक घटकाचा वर्ग करायचा, त्यावर २ मितींच्या इर्रिड्युसिबल रिप्रेझेंटेशनचं कॅरॅक्टर घ्यायचं, सगळ्याची बेरीज करून ८ ने भागायचं. एककावर कॅरॅक्टर २, मध्यवर्ती −१ वर (चौरसात हे म्हणजे १८०° फिरवणं) −२. चौरसाच्या गटात ६ घटकांचा वर्ग एकक येतो, दोघांचा −१: १२ − ४ = ८, म्हणून इंडिकेटर १. क्वाटर्नियनमध्ये फक्त दोघांचा वर्ग एकक: ४ − १२ = −८, म्हणून −१. एकदा हातानं कराच, फार सुंदर आहे! सेमीसिंपल हॉफ अल्जिब्रात (जिथे प्रत्येक रिप्रेझेंटेशन इर्रिड्युसिबल तुकड्यांत पूर्ण फुटतं) गटावरच्या सरासरीच्या जागी नॉर्मलाइज केलेला इंटिग्रल, म्हणजे त्या सरासरीचंच काम करणारा अल्जिब्रातला एक खास घटक, येतो. लिंचेंको आणि माँटगोमेरी यांनी २००० मध्ये हे मांडलं. मात्र इंडिकेटर जुळले म्हणजे अल्जिब्रा एकच, असं धरू नका: ८ मितींच्याच कात्स-पाल्युतकिन अल्जिब्रातही उत्तर १ येतं, आणि तो तर ग्रुप अल्जिब्राच नाही. तिथे वर्गाऐवजी वरच्या घातांचे इंडिकेटर काढावे लागतात.