मुलीला घोड्यांचे वेड आहे. नाशिकमध्ये वाढून व्यावसायिक ड्रेसाज रायडर होता येते का?

होता येते, पण सगळे नाशिकमध्ये राहूनच होईल असे नाही. (ड्रेसाज म्हणजे स्वाराच्या बारीक इशाऱ्यांवर घोड्याने ठरलेल्या चाली करून दाखवण्याचा घोडेस्वारीचा प्रकार.) खरे तर मी लिहायला बसले ते तुमच्या प्रश्नाखालच्या वाक्यामुळे. सारंगखेड्याच्या यात्रेत मुलीने ताशावर नाचणारी घोडी पाहिली आणि ‘ड्रेसाज म्हणजे हेच, फक्त साहेबी कपड्यांत’, असे तुम्ही लिहिले आहे. माझे काका मला हेच वाक्य वर्षानुवर्षे ऐकवत आले आहेत.

आमचे घर पंचवटीतले. आजोबांचा टांगा होता. रिक्षा वाढल्या, टांगा गेला आणि काकांनी वरातीच्या घोड्या ठेवल्या. खरारा करणे, चंदी भिजवणे, लीद उचलणे, नालबंद आला की घोडीला धरून उभे राहणे, ही कामे मी शाळकरी वयातच केली. घोडी पुन्हा पुन्हा कुशीकडे वळून पाहू लागली की तिचे पोट दुखते आहे, हे मला कुणी शिकवावे लागले नाही. बसायला मात्र मनाई होती, कारण घोडीवर नवरदेव बसतो, पोरगी बसून कोणाची वरात काढणार, असा काकांचा सवाल असे. पुढे घोडदळातून निवृत्त झालेल्या एका रिसालदारसाहेबांनी पुण्यात माझी मांड बसवली आणि त्यांच्याकडूनच मी ड्रेसाज शिकले.

त्या काळात काकांनी सारंगखेड्याहून एक पंचकल्याणी मारवाडी घोडी आणली. ताशा वाजला की ती जागच्या जागी पाय उचलायची आणि लोक नोटा ओवाळायचे. मी सुट्टीत घरी आले तेव्हा काकांनी तिला अंगणात नाचवले आणि म्हणाले, “हा घे तुझ्या ड्रेसाजमधला पियाफ. यासाठी पुण्याला जावे लागते होय?” मी काही न बोलता तिचा लगाम उतरवला. तोंडात राहणाऱ्या कडीला आतल्या बाजूने खिळे होते. ओठांच्या कोपऱ्यांतली कातडी जुन्या चपलेच्या तळासारखी निबर झाली होती, जिभेवर आडवा पांढरा वण होता आणि मी नुसता हात वर नेला तरी ती मान उंच फेकत होती.

पियाफमध्ये घोडा जवळजवळ जागच्या जागी दुडकी चालतो: कर्णातले दोन पाय एकाच वेळी उचलले जातात, मागचा भाग खाली बसतो, मागचे पाय पोटाखाली येतात आणि पाठ वर उचलली जाते. त्यासाठी वर्षे लागतात. ग्रांप्री या ड्रेसाजच्या सर्वोच्च पातळीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आठ वर्षांखालचा घोडा उतरवताच येत नाही. काकांच्या घोडीची पाठ दबलेली होती, मागचे पाय मागेच राहत होते आणि पुढचे पाय ती तोंडातल्या वेदनेपासून सुटण्यासाठी उचलत होती. लांबून दोन्ही सारखे दिसत असेल, पण घोड्यात वाढलेल्या माणसाला तरी ते सारखे दिसू नये.

चातुर्मासात लग्ने नसतात, म्हणून तुळशीच्या लग्नापर्यंत घोडी मला द्या, असे मी काकांना म्हटले आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी ती दिली. मी तिला स्नॅफल, म्हणजे साध्या गुळगुळीत कडीचा लगाम चढवला, लांब दोरीवर गोलात फिरवले आणि लगाम सैल सोडून नुसते चालवले. दसऱ्याच्या सुमारास ती मान खाली लांबवून, कडी चघळत, तोंडाला फेस आणून चालू लागली. काकांनी ते पाहिले आणि म्हणाले, “मान खाली घातलेली घोडी फोटोत कशी दिसेल?” काटेरी लगाम जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनी बंद आहे, हे मी सांगितले तर त्यांचे उत्तर होते की तो नियम गाडीच्या आणि ओझ्याच्या जनावरांचा आहे. नियमांचे नाव तसे आहे हे खरे, पण त्यातला आठवा नियम स्वारीच्या जनावरालाही लागू होतो. लग्नसराई सुरू होताच जुना लगाम पुन्हा चढला.

साहेबी कपड्यांविषयी म्हणाल, तर तो आरोप एके काळी शब्दशः खरा होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकपर्यंत ड्रेसाज फक्त लष्करी अधिकाऱ्यांसाठी होते, आणि स्वीडनच्या संघातला येनाल पेर्सन प्रत्यक्षात सार्जंट असल्याचे कारण देऊन त्या संघाचे सुवर्णपदक पुढच्या वर्षी काढून घेण्यात आले. १९५२ मध्ये नियम बदलला, त्याच पेर्सनने हेलसिंकीत सांघिक सुवर्ण मिळवले, आणि त्याच वेळी पोलिओमुळे गुडघ्याखाली अधू झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेलने पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्य जिंकले. आजही स्त्री-पुरुष एकाच गटात उतरतात, त्यामुळे ‘मुलगी आहे’ हा मुद्दा मनातून काढून टाकावा.

पैशाचा मुद्दा मात्र काढता येणार नाही. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी सांघिक सुवर्ण आणले, घोडेस्वारीतले ४१ वर्षांनंतरचे पहिले. पण ते सगळे युरोपात राहून तयार झाले. साधारण ५०० किलोच्या घोड्याला रोज दहा किलोच्या आसपास चारा-दाणा लागतो, नाल सहा ते आठ आठवड्यांनी बदलावी लागते, आणि डॉक्टर वेगळा. व्यावसायिक म्हणजे पदके मिळवणारी असे समजू नये. मी दुसऱ्यांचे घोडे तयार करते, त्यांच्या मुलांना शिकवते, वेळ मिळेल तशी स्पर्धेत उतरते आणि त्यावर माझे घर चालते.

सुरुवात नाशिकमध्ये होऊ शकते. भोसला मिलिटरी स्कूलमुळे इथे घोडेस्वारीची जुनी परंपरा आहे. मारवाडी घोड्यावर शिकायलाही हरकत नाही, मात्र रेवाल ही मारवाडी घोड्यांची मऊ चाल चालणारा घोडा ड्रेसाजच्या दुडकीत मागे पडतो, कारण त्याचे कर्णातले पाय जोडीने पडत नाहीत. पहिली दोन वर्षे मुलीला स्वारीइतकेच तबेल्याचे काम करू द्यावे.

आता थोडे काकांच्या बाजूनेही. घोडी नाचवणारे सगळेच खिळे वापरत नाहीत, आणि ड्रेसाजवाले सगळे संतही नाहीत. पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर २०२४ मध्ये ब्रिटनच्या शार्लट दुजार्डिनला घोड्याला चाबकाने मारतानाच्या व्हिडिओमुळे माघार घ्यावी लागली आणि पुढे वर्षभराची बंदी आली. म्हणून फी भरण्याआधी तबेल्यातल्या सामानाच्या खोलीत जाऊन टांगलेल्या प्रत्येक लगामाच्या कडीवरून स्वतः बोट फिरवून पाहावे. खिळा लागला आणि ‘घोडा ऐकत नाही म्हणून’ असे कारण मिळाले, तर तो मालक कितीही पदके दाखवो, मुलीला घेऊन निघून यावे.