माहितीपटाची निर्माती व्हायचंय, पण हिशेबाशिवाय काही येत नाही?

थोडक्यात तुमचं म्हणणं असं की जाहिरातपटांच्या कंपनीत पाच वर्षं हिशेब सांभाळताय, दिग्दर्शक मैत्रीण तिच्या माहितीपटाची निर्माती व्हा म्हणून मागे लागली आहे, आणि कॅमेरा येत नाही, संकलन येत नाही, घरचा पैसा नाही, म्हणून धीर होत नाही. नोकरी सोडावी का, हेही विचारलंय. सतरा वर्षं मी हेच काम करते आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

निर्माता म्हणजे पैसे घालणारा, हा समज कथापटांमुळे पसरलाय. माहितीपटात मला भेटलेले बहुतेक निर्माते दुसऱ्यांचे पैसे आणतात, त्यांचा पै-पैचा हिशेब देतात आणि फिल्म तडीला नेतात. तुम्हाला यातलं मधलं काम येतं. मला ते शिकायला दोन फिल्म लागल्या, आणि तोवर एका संस्थेचा शेवटचा हप्ता हिशेब वेळेत न दिल्यामुळे बुडाला होता.

कथापटाला आधी पटकथा असते, तिच्यावरून बजेट निघतं. आमच्याकडे गोष्ट शूटिंग करताना सापडते, त्यामुळे बजेट पुन्हा पुन्हा मांडावं लागतं. 'हूप ड्रीम्स' (1994) हा माहितीपट अर्ध्या तासाचा करायचं ठरलं होतं. शूटिंग पाच वर्षं चाललं, अडीचशे तासांच्या आसपास फुटेज जमलं आणि फिल्म झाली जवळपास तीन तासांची. अडीचशे तास नुसते एकदा बघायचे म्हटले, रोज आठ तास बसलात, तरी महिना जातो. नवखी मंडळी बजेटमध्ये कॅमेरा आणि प्रवास भरभरून लिहितात आणि एडिटला सहा आठवडे देतात! संवाद उतरवून घेणं, भाषांतर, सबटायटल्स, हार्ड डिस्कच्या तीन प्रती (त्यातली एक दुसऱ्या इमारतीत), ध्वनिमिश्रण, रंगदुरुस्ती, हे सगळं शेवटाला येतं आणि तोवर पैसे संपलेले असतात. मैत्रिणीचं बजेट हातात आलं की आधी शेवटचं पान बघा.

आता हक्कांबद्दल. इथेच निर्मात्याचा खरा कस लागतो. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीवरची 'आईज ऑन द प्राइझ' ही गाजलेली मालिका 1987 मध्ये टीव्हीवर आली. तिच्यातल्या जुन्या बातमीफिती, फोटो, गाणी यांचे परवाने ठरावीक वर्षांचे होते. ते संपले आणि इतकी महत्त्वाची मालिका वर्षानुवर्षं दाखवता येईना. परवाने नव्याने घ्यायला वेगळा निधी उभा करावा लागला, तेव्हा कुठे 2006 मध्ये ती टीव्हीवर परतली. म्हणून माझ्या तक्त्यात प्रत्येक क्लिपपुढे तीन रकाने असतात: किती वर्षांसाठी, कुठल्या देशांसाठी, कुठल्या माध्यमांसाठी. स्वस्तात मिळतंय म्हणून 'फक्त महोत्सवांपुरता' परवाना घेतलात, तर उद्या एखादा ओटीटी प्लॅटफॉर्म दारात आल्यावर तेच हक्क चढ्या भावात मागावे लागतात.

अगदी 'हॅपी बर्थडे टू यू'सुद्धा फुकट नव्हतं. त्या गाण्यावरच माहितीपट करणाऱ्या एका दिग्दर्शिकेकडे परवान्याचे 1500 डॉलर मागितले गेले. तिने पैसे भरले आणि 2013 मध्ये दावा ठोकला. 2015 मध्ये कोर्टाने गाण्यावर मालकी सांगणाऱ्या कंपनीचा हक्क अमान्य केला. सगळ्यांना कोर्टात जाणं परवडत नाही, हे वेगळं सांगायला नको. माझ्या दुसऱ्या फिल्ममधला सगळ्यात जिवंत प्रसंग असाच गेला. आजी नातवाला रागावतेय आणि मागे टीव्हीवर गाणं चालू. आवाज वेगळा काढता येईना, गाण्याची रक्कम झेपेना. शूटिंगला मी हजर होते. उठून टीव्ही बंद करायला दहा सेकंदं लागली असती.

माणसांच्या संमतीचंही तसंच. रिलीज फॉर्मवर पहिल्याच दिवशी सही घ्या, त्यांच्या भाषेत समजावून घ्या. टीव्ही वाहिन्या आणि प्लॅटफॉर्म 'एरर्स अँड ओमिशन्स' विमा (हक्क किंवा बदनामीवरून कुणी दावा केला तर उपयोगी पडणारा) मागतात आणि विमेवाले हे सगळे कागद एकेक करून तपासतात. पण सही असली तरी माणूस घाबरू शकतो. मी एडिट पक्का होण्याआधी ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांना ती दाखवते. बऱ्याच दिग्दर्शकांना हे पटत नाही, भांडणं होतात. मी माघार घेत नाही.

पैसे आणायचं तंत्र शिकता येतं, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. ॲमस्टरडॅमच्या इडफा या माहितीपट महोत्सवात 1993 पासून 'फोरम' भरतो. तिथे काही मिनिटांत फिल्म मांडायची आणि समोर वाहिन्यांचे, निधी देणाऱ्या संस्थांचे लोक बसलेले. अशी पिचिंगची व्यासपीठं आता बऱ्याच देशांत आहेत. एकाकडून पूर्ण रक्कम मिळणं विरळाच. विकासासाठी एक, शूटिंगला दुसरा, एडिटला तिसरा, आणि प्रत्येकाचे हप्ते वेगळे. शेवटचा हप्ता बहुधा फिल्म हातात दिल्यावरच येतो, पण एडिटरला पगार त्याआधी द्यायचा असतो. ही ओढाताण तुम्ही रोज ऑफिसात बघत असाल.

आणि तुमचं मानधन? बजेट कमी पडलं की निर्माते पहिली काट स्वतःच्या ओळीवर मारतात. मीही मारली. कमी घ्या, पण ओळ ठेवा आणि उरलेली रक्कम येणं म्हणून लिहून ठेवा. फक्त स्वतःच्या फिल्मवर घर चालवणारे मला फार थोडे माहीत आहेत. बाकीचे दुसऱ्यांसाठी लाइन प्रोड्यूसरचं (शूटिंगचा रोजचा खर्च आणि व्यवस्था बघण्याचं) काम करतात, संस्थांच्या फिल्म करतात, शिकवतात.

तेव्हा नोकरी आत्ता सोडू नका. निदान शूटिंगपुरता निधी लेखी मंजूर होईपर्यंत तरी नाहीच. त्याआधी मैत्रिणीशी करार करा. फिल्मची मालकी कुणाकडे किती, शेवटचा एडिट कोण ठरवणार, पैसे आले तर आधी कुणाची देणी फेडायची, आणि दोघींपैकी एकीने मध्येच सोडलं तर फुटेज कुणाचं. चार मुद्दे, दोन पानं पुरतात. ती म्हणेल की आपल्यात कागद कशाला. माझ्या पहिल्या फिल्मच्या वेळी मीही दिग्दर्शिकेला हेच म्हटलं होतं. त्या फुटेजच्या डिस्क अजून माझ्या कपाटात आहेत, आणि त्यांना हात लावायचा अधिकार नक्की कुणाचा, हे आम्हा दोघींनाही सांगता येत नाही.