मुलाला क्वार्टरबॅक व्हायचंय आणि तुम्ही कोलंबसला येताय, तर...

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मिस्टरांची बदली पुण्याहून ओहायोतल्या कोलंबसला होतेय आणि मुलाची नववी संपत आलीय. फोनवर अमेरिकन फुटबॉल बघून त्याने क्वार्टरबॅकच व्हायचं असं मनाशी पक्कं केलंय. तुम्हाला तीन गोष्टी हव्यात: हे खूळ समजून सोडून द्यावं का, घर आणि शाळा त्या हिशोबाने बघावी का, आणि यातून कॉलेजची स्कॉलरशिप मिळते का. मी बरीच वर्षं कोलंबसच्या उपनगरात राहतोय, मुलं इथल्याच सरकारी शाळांत शिकली, म्हणून सविस्तर लिहितो.

खूळ समजू नका. फक्त हा रस्ता किती लांब आहे आणि त्यात थांबणं किती असतं, हे तुम्ही दोघांनी आधीच समजून घ्या. त्यासाठी मी तुम्हाला जो बरोची सुरुवातीची वर्षं सांगणार आहे. तो आज सिनसिनाटी बेंगल्स या व्यावसायिक संघाचा क्वार्टरबॅक म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पण वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत ओहायोबाहेर त्याचं नाव फारसं कुणी घेत नव्हतं. शिवाय तो आपल्या याच भागातला.

त्याचा जन्म १९९६ चा, आयोवा राज्यातल्या एम्स गावचा. वडील फुटबॉलचे कोच, त्यामुळे नोकरी नेईल तिकडे घर. मधली काही वर्षं नॉर्थ डकोटातल्या फार्गोमध्ये गेली, आणि २००५ च्या सुमारास वडील ओहायो युनिव्हर्सिटीत लागले तेव्हा सगळे अथेन्सला आले. वडिलांच्या बदलीबरोबर शाळा बदललेला मुलगा, हे मी मुद्दाम सांगतोय. अथेन्स कोलंबसपासून साधारण १२० किलोमीटर, आग्नेयेला. डोंगराळ ॲपलाचियन पट्टा, राज्यातल्या गरीब जिल्ह्यांपैकी एक.

तिथल्या अथेन्स हायस्कूलला फुटबॉलचा फार मोठा इतिहास नव्हता. बरो खेळला त्या तीन मोसमांत शाळेने प्लेऑफमधले आपले पहिलेवहिले विजय मिळवले. २०१४ मध्ये संघ राज्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि टोलेडो सेंट्रल कॅथलिककडून ५६-५२ असा हरला. त्याच वर्षी त्याला राज्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचा ‘मिस्टर फुटबॉल’ किताब मिळाला.

म्हणून घराबद्दल माझं मत असं. डब्लिन, पॉवेल ही उपनगरं आपल्या लोकांनी भरलेली आहेत, शाळा उत्तम आहेत, अभ्यासाच्या दृष्टीने तिथे डोळे मिटून या. पण ‘मोठ्या शाळेची टीम मोठी, म्हणून तिथेच’ हा हिशोब क्वार्टरबॅकच्या बाबतीत चालत नाही. या जागेवरचा खेळाडू प्रत्येक चालीच्या सुरुवातीला चेंडू हातात घेतो, समोरच्या अकरा जणांची मांडणी वाचतो आणि दोन-तीन सेकंदांत ठरवतो की फेकायचा, शेजारच्याच्या हाती द्यायचा की स्वतः पळायचं. मैदानावर असा एका वेळी एकच असतो. बाकीच्या बऱ्याच जागांवर आलटून-पालटून खेळवतात, इथे तसं होत नाही. मोठ्या शाळांत या एका जागेसाठी लहानपणापासून खासगी कोचकडे जाणारी मुलं उभी असतात. मध्यम आकाराच्या शाळेत तुमच्या मुलाला निदान मैदानात उतरायला मिळेल, आणि या वयात सामन्यात उतरण्यासारखं शिक्षण नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलासाठी आठवडाभर सरावात उभं राहून शुक्रवारी रात्री बाकावर बसणं फार जड जातं.

आता कॉलेजकडे येतो. बरो २०१५ मध्ये कोलंबसच्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीला (वडिलांच्या ओहायो युनिव्हर्सिटीहून ही वेगळी) गेला, म्हणजे तुमच्या होणाऱ्या घरापासून अर्ध्या तासावर, एक लाखाहून जास्त लोक बसतात त्या स्टेडियमच्या संघात. पहिलं वर्ष ‘रेडशर्ट’ गेलं: तेव्हा त्याचा अर्थ सराव सगळा करायचा, सामने खेळायचे नाहीत, आणि त्या बदल्यात खेळण्याचं एक वर्ष शिल्लक राही. पुढचे दोन मोसम पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक जे. टी. बॅरेटच्या मागे, राखीव म्हणून. तीन वर्षांत मिळून त्याने सामन्यांत ३९ पास फेकले, त्यांतून २८७ यार्डांची चाल (यार्ड म्हणजे मीटरहून जरा कमी) आणि २ टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवून गुण. पुढे एकेका सामन्यात त्याने याहून जास्त केलंय.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये सरावात त्याच्या उजव्या हाताचं हाड मोडलं. तो बाजूला असताना ड्वेन हॅस्किन्स दुसऱ्या क्रमांकावर गेला. नोव्हेंबरमध्ये मिशिगनविरुद्ध बॅरेट जखमी झाला तेव्हा हॅस्किन्स उतरला आणि सामना जिंकून दिला. ओहायोत मिशिगनला हरवणाऱ्याला लोक विसरत नाहीत. २०१८ च्या वसंतात पहिल्या जागेसाठी दोघांची चुरस झाली आणि वारं कुठे वाहतंय हे बरोला दिसलं. हॅस्किन्सने त्या मोसमात ५० टचडाउन पास फेकले, म्हणजे कोचचा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. मला या सगळ्या गोष्टीतली ही सर्वांत महत्त्वाची बाब वाटते. मुलाने काही चुकवलेलं नसतं, कोणी अन्यायही केलेला नसतो, आणि तरी पुढे दुसरा उभा असतो. हे पचवायची तयारी घरातूनच व्हावी लागते.

मग त्याला वाट कशी मिळाली? पदवीमुळे. ग्राहक आणि कुटुंबांच्या आर्थिक नियोजनाच्या विषयातली पदवी त्याने तीन वर्षांतच पूर्ण केली होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मोठ्या कॉलेजच्या फुटबॉलमध्ये संघ बदलला की सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागे, पण पदवी हातात असेल तर लगेच खेळता येई. त्याच्याकडे दोन मोसम शिल्लक होते. मे २०१८ मध्ये तो लुइझियाना स्टेटला, बॅटन रूजला गेला. अभ्यास रखडला असता तर त्यातला एक मोसम बसूनच गेला असता.

तिथलंही पहिलं वर्ष बेताचंच: २,८९४ यार्ड, १६ टचडाउन. मोसमाच्या शेवटच्या सामन्यात सेंट्रल फ्लोरिडाविरुद्ध सुरुवातीलाच त्याला नजरेआडून जबरदस्त धडक बसली. उठून त्याने चार टचडाउन पास फेकले आणि संघ ४०-३२ जिंकला. मग न्यू ऑर्लीन्स सेंट्सकडून जो ब्रेडी हा तरुण कोच आला, पासवर भर देणारी नवी पद्धत आली, आणि २०१९ मध्ये ५,६७१ यार्ड, ६० टचडाउन, पंधरापैकी पंधरा विजय. डिसेंबरमध्ये कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी, १३ जानेवारी २०२० ला क्लेमसनवर ४२-२५ असा विजय मिळवून राष्ट्रीय विजेतेपद, एप्रिलमध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिली निवड. हाइझमन स्वीकारताना तो अथेन्सच्या त्या मुलांबद्दल बोलला ज्यांच्या घरी पुरेसं जेवण नसतं, आणि लोकांनी तिथल्या अन्नपेढीसाठी पाच लाख डॉलरपेक्षा जास्त दिले. तुमच्या मुलाला आकड्यांआधी हे भाषण ऐकवा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

नियम आता बदललेत. संघ बदलून लगेच खेळता येतं, २०२१ पासून खेळाडू आपल्या नावावर जाहिरातींचे पैसे घेऊ शकतात, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठंही थेट पैसे देऊ लागलीत. याचा उलटा परिणाम असा की मोठे संघ हायस्कूलच्या मुलाला वर्षानुवर्षं घडवत बसण्याऐवजी दुसरीकडे तयार झालेला क्वार्टरबॅक आणतात. ओहायो स्टेटने जानेवारी २०२५ मध्ये विजेतेपद मिळवलं तेही कॅन्सस स्टेटहून आलेल्या विल हॉवर्डच्या हाताने. नवख्या मुलासाठी दार थोडं अरुंदच झालंय.

स्कॉलरशिपबद्दल स्पष्ट सांगतो: तिच्यावर घरखर्चाचं गणित बांधू नका. हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळणाऱ्या शंभरातली सातेक मुलं कॉलेजात खेळतात, आणि त्यात सगळे स्तर आले. कॉलेजच्या खेळांचे डिव्हिजन वन, टू, थ्री असे स्तर आहेत, वन सर्वांत वरचा; डिव्हिजन थ्रीची कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, पण गुणांवर चांगली सवलत देतात. ओहायोत अशी उत्तम कॉलेजं आहेत. माउंट युनियनने त्या स्तरावर तेरा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलीत, डेनिसन तर कोलंबसच्या जवळच आहे. चौदाव्या-पंधराव्या वर्षी पहिल्यांदा हा लांबट चेंडू धरणाऱ्या मुलासाठी मला हेच स्वप्न खरं वाटतं, आणि ते लहान स्वप्न नाही. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून थ्रो चांगला असेल तर खांद्याची ताकद कामी येईल, फेकण्याची पद्धत मात्र नव्याने शिकावी लागेल. कोचने सुरुवातीला रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) किंवा बचावात उभं केलं तर त्याने नाराज न होता तिथे खेळावं.

व्हिसाची बाजू कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. तो तुमच्याबरोबर एच-४ किंवा एल-२ या अवलंबितांच्या व्हिसावर येईल, आणि एकविसाव्या वाढदिवशी तो दर्जा संपतो. कॉलेज फुटबॉलची वर्षं अठरा ते बावीस-तेवीस. म्हणजे ग्रीन कार्ड झालं नाही तर ऐन मधे त्याला स्टुडंट व्हिसावर जावं लागेल. नावाचे किंवा जाहिरातीचे पैसे घेणं या दोन्ही प्रकारांत अडचणीचं ठरू शकतं, तेव्हा कुठेही सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

दुखापतीचं म्हणाल तर भीती रास्त आहे. डोक्याला मार लागल्याची लक्षणं दिसली तर ओहायोच्या कायद्याने मुलाला त्या दिवशी परत उतरवता येत नाही, आणि नंतरही लेखी वैद्यकीय परवानगी लागते. कंपनीच्या इन्शुरन्समध्ये डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्स पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची रक्कम, किती आहे ते मिस्टरांना आत्ताच बघायला सांगा.

निघण्याआधीचं सर्वांत मोठं काम कागदांचं. डिव्हिजन वनमध्ये खेळायला नववी ते बारावीतले सोळा ठरावीक विषय आणि चारपैकी किमान २.३ ची सरासरी लागते. म्हणजे पुण्यातली ही नववी मोजली जाणार आहे. आपल्याकडे ती शाळेचीच परीक्षा, बोर्डाची नाही, म्हणून शाळेच्या शिक्क्याची मूळ मार्कलिस्ट, विषयांचा तपशील आणि माध्यमाचा दाखला, प्रत्येकी दोन-तीन प्रती घ्या. इथून नंतर मागवायला फार त्रास होतो. लसीकरणाची नोंदही बरोबर ठेवा.

सराव ऑगस्टच्या सुरुवातीलाच सुरू होतो, शाळा त्यानंतर. शक्यतो जुलैच्या मध्यापर्यंत पोचा, कारण डॉक्टरची शारीरिक तपासणी आणि तिचा फॉर्म दिल्याशिवाय मैदानात पाऊल ठेवू देत नाहीत. भाड्याच्या घराचा करार करण्याआधी दोन-तीन शाळांच्या ॲथलेटिक डायरेक्टरना ईमेल करा आणि एवढंच विचारा: मुलाला नववीत घेणार की दहावीत, दहावीच्या मुलांसाठी जेव्ही (शाळेच्या मुख्य संघाखालची) टीम आहे का, आणि खेळण्याची फी किती. उत्तरं आली की मला कळवा, आपण शाळा मिळून ठरवू.