दिसेल तेवढंच पळायचं

प्रिय,

आधी उत्तर देतो, मग बाकीचं. सिग्नल लाल होता, बसच्या आडून पलीकडचं काही दिसत नव्हतं, म्हणून मदतीच्या कॉलला निघालेली पोलिसांची गाडी तू उभी केलीस. बरोबर केलंस. दुसरी गाडी तुझ्या आधी पोहोचली, जोडीदार म्हणाला "चालत गेलो असतो तरी चाललं असतं", बाकीचे हसले, आणि आता तू चालकाची ड्युटी सोडायचा अर्ज लिहून ठेवला आहेस. "मी भित्रा आहे का?" असं विचारतोस. अरे, भित्रा माणूस कॉल आला की निघायलाच वेळ लावतो. तू लगेच निघालास, दिसत नव्हतं तिथे थांबलास, दिसल्याबरोबर पुढे गेलास. यात भीती कुठून आली?

धाडस, सेवा, वर्दीचा मान यावर मी तुला काही ऐकवणार नाही. ते तुझ्यात नसतं तर तुला या गोष्टीने झोप न यायचं कारणच नव्हतं. मला एकच सांगायचं आहे, आणि ते मी इतक्या वेळा सांगेन की तुला कंटाळा येईल. दिसेल तेवढंच पळायचं. समोर जेवढा रस्ता मोकळा दिसतोय, तेवढ्या अंतरात गाडी थांबवता आली पाहिजे. सायरन वाजत असो, वायरलेसवर कुणी ओरडत असो, मागच्या सीटवर साहेब बसलेले असोत, हे बदलत नाही.

कागद-पेन्सिल घे आणि स्वतः मांडून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धर. कोरडा रस्ता, चांगले टायर, पूर्ण ताकदीने ब्रेक, तर त्यापुढे आणखी २० मीटर लागतात. म्हणजे ३७ मीटरच्या आसपास गाडी उभी राहते. आता तेच ९० ने कर. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच २५ मीटर गेले. ज्या ३७ व्या मीटरवर ६० ची गाडी पूर्ण थांबलेली आहे, तिथे ९० ची गाडी अजून ताशी ७७ च्या पुढे आहे. त्या जागी रस्ता ओलांडणारा माणूस असेल तर एका गाडीतला चालक त्याला ओरडतो, दुसऱ्या गाडीतल्याला ओरडायलाही वेळ मिळत नाही. वेग दीडपट केलास की ब्रेकचं अंतर सव्वादोनपट होतं. हे हिशेब ओल्या रस्त्याचे नाहीत, आणि गाडीत सामानासकट पाच जण बसलेले असतात तेव्हाचेही नाहीत.

आणि त्या बदल्यात मिळतं काय? शहरात दोन चौकांमधला ३०० मीटरचा पट्टा मोकळा मिळाला असं समज. ६० ने तो १८ सेकंदांत संपतो, ९० ने १२ सेकंदांत. सहा सेकंद. वेग पकडायला आणि पुढच्या चौकाआधी कमी करायला जे जातात ते वजा केले तर सहाही उरत नाहीत. तुझा जोडीदार ज्या वेगाला वेग म्हणतो तो एवढाच आहे. कॉलला लवकर पोहोचणारे चालक वेगळ्याच गोष्टींनी लवकर पोहोचतात. त्यांना रस्ते पाठ असतात, कुठली गल्ली कुठल्या वेळी तुंबते हे माहीत असतं, ते चौकात अडकत नाहीत आणि चुकीच्या लेनमध्ये शिरून मागे येत नाहीत.

आता चौक. तुझा सगळा प्रश्न तिथलाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाल सिग्नल ओलांडायची तुला मुभा आहे. पण सिग्नल तुला सोडतो म्हणून आडवी येणारी गाडी तुला सोडत नाही. ब्रिटनच्या पोलीस चालकांना शिकवतात की तातडीच्या वेळी लाल दिवा हा 'आधी समोरच्याला जाऊ दे' अशा पाटीसारखा धरायचा. इतकीच ती सूट. तेव्हा चौक एक आहे असं समजूच नकोस. आडव्या रस्त्याला चार लेन असतील तर ते चार चौक आहेत. ज्या बाजूची गाडी तुझ्या अंगावर आधी येईल, ती लेन आधी. तिथला चालक थांबला? थांबला म्हणजे नुसता हळू झाला का पूर्ण उभा राहिला? त्याने तुझ्याकडे बघितलं? मग तुझी गाडी पुढे सरकेल, ती फक्त पुढच्या लेनच्या तोंडापर्यंत. परत तेच.

उभी बस सगळ्यात वाईट. बसवाला भला माणूस असतो, तो तुला हाताने "जा, जा" करतो. त्याला त्याची लेन दिसते, त्याच्या पलीकडची दुचाकी दिसत नाही. आणि दुचाकीवाल्याला बस का थांबली हे कळत नाही, तो तिला वळसा घालून सुटतो. तुझी सीट बंपरच्या दोनेक मीटर मागे आहे, हे लक्षात ठेव. म्हणजे तुझे डोळे बसच्या पुढे पोहोचेपर्यंत तुझ्या गाडीचं नाक त्या लेनमध्ये गेलेलं असतं. म्हणून तिथे माणूस चालतो त्याहून हळू जायचं, पाय ब्रेकवर तयार ठेवून, आणि नाक बाहेर काढून क्षणभर उभं राहायचं, म्हणजे तू त्यांना दिसशील. जोडीदाराला सांग, वायरलेस ठेव खाली आणि तुझ्या बाजूचं बघून बोल. "मोकळं" हा शब्द त्याच्या तोंडून यायला हवा, आणि तो आला तरी स्वतः बघायचंच. दिसेल तेवढंच पळायचं, जोडीदाराला दिसेल तेवढंही नाही.

"सायरन होता ना!" असं तुला त्या दिवशी कुणीतरी म्हणालं. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. काचा बंद, एसी चालू, गाणी लावलेली, अशा गाडीत आडव्या रस्त्यावरून येणाऱ्याला तुझा सायरन चौकाच्या तोंडाशी आल्यावर ऐकू येतो, कधी तेव्हाही येत नाही. ऐकू आला तरी कुठून येतोय ते कळत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून आवाज परततो. लोक तेव्हा काय करतात ते बघितलंस कधी? आधी आरशात बघतात. तू आडवा येतोयस आणि तो मागे बघतोय. दिव्यांचंही तेच, कोपऱ्याच्या भिंतीतून ते आरपार दिसत नाहीत. सायरन ही विनंती आहे. ती ऐकली जाईल, नाही जाईल. मोकळ्या रस्त्यावर लांब सुराचा ठेव, चौकाच्या अलीकडे भरभर वाजणारा कर, बदललेला सूर लोकांच्या कानात लवकर शिरतो. दुसरी गाडीही त्याच कॉलला येत असेल तर वायरलेसवर कुठून येतोयस ते सांग, कारण तुझ्या सायरनमध्ये तिचा सायरन तुला ऐकू येणार नाही आणि लोकही पहिली गाडी गेली की लगेच निघतात. मागच्या गाडीचे अपघात असेच होतात.

आणि कृपा करून लाल सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाच्या मागे चिकटून सायरन लावू नकोस. पुढे जायला त्याच्याकडे जागा नसते. घाबरून तो चौकात घुसतो, आणि त्याला कुठलीही मुभा नसते. जागा नाही असं दिसलं तर सायरन बंद कर, अंतर ठेव, सिग्नल सुटू दे किंवा दुसरी वाट काढ. चालत्या गाडीच्या मागेही अंतर हवंच. आरशात एकदम दिवे दिसले की कितीतरी लोक बाजूला व्हायच्या ऐवजी आहेत तिथे ब्रेक मारतात. त्यांचा राग करायचा नाही. पाच मिनिटांपूर्वी ते घरी काय आणायचं याचा विचार करत होते.

विरुद्ध बाजूने जायची वेळ आली तर लक्षात ठेव, पायी चालणारा त्या बाजूला बघतच नाही. पाठलागातही हेच. पुढचा जिवावर उदार होऊन पळतोय म्हणून तुला रस्ता जास्त दिसू लागत नाही.

तू लिहिलंस की चौकात थांबल्यावर "फार वेळ गेल्यासारखं वाटलं". वाटणारच. अंगात जोर चढलेला असतो तेव्हा दोन सेकंदही लांब होतात. नजर आवळते, समोरचं तेवढं दिसतं आणि कडेचं निसटतं. शेजारच्याचं बोलणं ऐकू येईनासं होतं. काही वेळ जोरात गेल्यावर ५० चा वेग रांगल्यासारखा वाटतो, म्हणून वळणाआधी काट्याकडे बघायची सवय लाव, स्वतःच्या अंदाजाकडे नाही. या सगळ्यावर मला एकच उपाय लागू पडलेला आहे, तो म्हणजे मोठ्याने बोलत गाडी चालवणं. "पुढे शाळेची पाटी, डावीकडे टेम्पो, त्याच्या मागचं दिसत नाही, वेग कमी." लंडनच्या पोलिसांनी १९३० च्या दशकात हेंडनला चालकांची शाळा काढली, आणि पुढे तिथली शिकवण्याची पद्धत बसवायला अर्ल ऑफ कॉटनहॅम या शर्यतीत गाड्या पळवलेल्या माणसाला आणलं होतं. शर्यतीच्या माणसाने पोलिसांना काय दिलं? अडथळ्याच्या आधी करायच्या गोष्टींचा क्रम. आधी गाडीची जागा, मग वेग, मग गिअर. ज्याला वेगातलं सगळ्यात जास्त कळत होतं त्याने वेगाआधी काय करायचं ते शिकवलं. बोलत गाडी चालवणं हाही तिकडच्या पोलीस प्रशिक्षणाचा जुना भाग आहे. बोलण्याचा फायदा असा की जे दिसत नाही ते तोंडाने कबूल करावं लागतं.

आता माझ्याबद्दल. तू विचारलं नाहीस, तरी लिहितो.

एका संध्याकाळी घरात घुसून एका म्हाताऱ्या माणसावर हल्ला झाल्याचा कॉल होता. वाटेत मोठा चौक, लाल सिग्नल, उभी बस. तुझ्यासारखाच. मी थांबलो, नाक काढलं, बघितलं, पुढे गेलो. पोहोचलो तेव्हा म्हाताऱ्याचा जीव गेला होता. दारात त्याचा मुलगा उभा होता. "एवढा वेळ?" एवढंच म्हणाला. नंतर वरिष्ठांनी माझ्या कागदावर 'संथ' असा शेरा मारला आणि काही काळ मला त्या गाडीवरून काढलं.

खरं सांगायचं तर त्या बसच्या पलीकडे कुणीही नव्हतं. ना दुचाकी, ना माणूस. लेन रिकामी होती. मी न थांबता गेलो असतो तरी काही झालं नसतं, हे मला पुढे सरकल्यावर दिसलं. पण ते दिसलं पुढे सरकल्यावर. आधी नाही. लोक मला सांगतात की बघ, रिकामीच होती ना. अरे, रिकामी आहे हे मला ठाऊक कसं असणार होतं? थांबण्यात माझे पाच-सहा सेकंद गेले असतील. कॉलच आमच्याकडे उशिरा आला होता. या सगळ्याचा हिशेब मी पुन्हा पुन्हा केला आहे, तुझं पत्र वाचून काल रात्रीही केला. दर वेळी उत्तर तेच येतं, आणि दर वेळी तो मुलगा दारात उभा असतो. त्याला यातलं काही सांगता आलं नसतं. आजही येणार नाही. खंत आहे, ती जात नाही, आणि तरीही पुन्हा तीच बस तिथे उभी असेल तर मी थांबेन. तुला हे हट्टीपणाचं वाटेल. वाटू दे. रस्त्यावर त्या वेळी असलेल्या कुणीही आमच्या कॉलसाठी आपला जीव पणाला लावायला होकार दिलेला नसतो. तो म्हातारा माझ्यावर अवलंबून होता हे खरं, पण बसच्या पलीकडे जो असेल तोही होता, आणि तो आहे की नाही हे मला बघावंच लागणार होतं.

तेव्हा जोडीदार हसला तर हसू दे. त्याला पुढच्या वेळी सांग, तुझ्या बाजूचं मोकळं आहे का ते बोल, म्हणजे आपण लवकर निघू. काम दिलं की हसणारे बरेचदा गप्प होतात. सुट्टीच्या दिवशी तुझ्या भागातले चौक साध्या गाडीतून, साध्या वेगाने, मोठ्याने बोलत फिरून ये. कुठे भिंत आड येते, कुठे बस थांबतात, कुठल्या कोपऱ्यावर झाडामुळे सिग्नलच दिसत नाही, हे लिहून ठेव. त्या यादीने जे सेकंद वाचतील ते ९० ने गाडी हाणून वाचणार नाहीत.

अर्ज अजून वर गेला नसेल तर परत घे. गेला असेल तर उद्या सकाळीच मला फोन कर. तिथे कुणाशी बोलावं लागेल ते मी बघतो. तुझ्या जागी जो बसेल तो बसच्या आडून बघायला थांबेल का, याची मला खात्री नाही.

तुझा,
गाडी शिकवणारा