‘बिनशर्त’ हा शब्द आधी खोड

लश्कर, ग्वाल्हेर

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

विधायक (आमदार) झाल्यावर नेत्यांनी तुझ्याकडे सहीसाठी दिलेल्या कागदाचा, तू पाठवलेला फोटो मोठा करून दोनदा वाचला. स्टँप पेपरवर हिंदीतल्या चार ओळी. अर्थ एवढाच की सभागृहातल्या नेतृत्वाशी पूर्ण पाच वर्षं बिनशर्त निष्ठा राखीन. तारखेची जागा कोरी, आणि मजकूर संपतो तिथून तुझ्या सहीच्या जागेपर्यंत चार बोटं मोकळी. त्या मोकळ्या जागेत उद्या कोणीही काहीही टाइप करू शकतो. ती तुला खटकली नाही, याचा मला राग आला.

सही केली नाही तर विधायकी जाईल का, असं विचारतोस. नाही जात. निवडून आल्यावर संविधानाने तुझ्याकडून एकच शपथ मागितली, १८८ व्या अनुच्छेदाची, आणि ती तू घेतलीस. ती न घेता सभागृहात बसलं तर १९३ व्या अनुच्छेदाप्रमाणे दिवसाला ५०० रुपये दंड आहे. दुसरी शपथ न घेण्याला दंडही नाही आणि अपात्रताही नाही. त्या शपथेत निष्ठा हा शब्द आहे, पण ती संविधानाशी. कोणा माणसाचं नाव त्यात नाही. शब्द द्यायचा तो मुद्द्याला, माणसाला नाही.

आणि ‘नेतृत्व’ म्हणजे कोण, हे विचारलंस का? विधानसभेचे अध्यक्ष, पक्षाचा गटनेता की पक्षादेश काढणारा मुख्य प्रतोद?

अध्यक्ष असतील तर ऐक. त्यांनी दिलेला निर्णय पाळायचा, ते उभे राहिले की बसायचं, हे सदस्याचं कर्तव्यच आहे. पण १७९ व्या अनुच्छेदाप्रमाणे १४ दिवसांची नोटीस देऊन, सभागृहातल्या तेव्हाच्या सर्व सदस्यांच्या बहुमताने अध्यक्षांना दूरही करता येतं. आपल्या मध्य प्रदेशच्या २३० जागांच्या सभागृहात सगळ्या जागा भरलेल्या असतील तर ११६ मतं लागतात. ती चर्चा चालू असताना १८१ व्या अनुच्छेदाप्रमाणे अध्यक्ष स्वतः आसनावर बसत नाहीत. हे मत देण्याचा हक्क संविधानाने तुला दिला आहे. तो आगाऊ गहाण टाकणार का? वडोदऱ्यात जन्मलेले दादासाहेब मावळंकर लोकसभेचे पहिले अध्यक्ष. त्यांच्याविरुद्धही डिसेंबर १९५४ मध्ये ठराव आला, त्यावर चर्चा झाली आणि तो फेटाळला गेला. त्याने त्या पदाची शान गेली नाही. शिवाय पक्षांतराचा खटला चालवणारेही अध्यक्षच. ज्याच्यापुढे तुझी सुनावणी व्हायची, त्याच्याकडे तुझं निष्ठापत्र पडून असणं कसं चालेल?

गटनेता असेल तर आणखी सोपं. २०२३ च्या महाराष्ट्राच्या (शिवसेनेच्या फुटीच्या) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रतोद आणि गटनेता नेमतो तो राजकीय पक्ष, विधिमंडळातला गट नव्हे. गटनेते बदलतात. आज जो नेता आहे तो उद्या बाजूला झाला, तर तू कोणाचा? म्हणून पुन्हा सांगतो, मुद्द्याला शब्द दे, माणसाला नाही.

आता खरी भीती, व्हिपची, म्हणजे मतदानाबद्दलच्या पक्षादेशाची. संविधानाची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, नीट वाच, पानं फार नाहीत. जागा जाते ती मुख्यतः दोन कारणांनी. एक, स्वेच्छेने पक्ष सोडणं. त्याला राजीनामाच लागतो असं नाही, वागण्यावरूनही ते ठरतं, हे सर्वोच्च न्यायालयात रवी नाईक प्रकरणात १९९४ मध्ये झालं. विरोधी नेत्याला सरकार बनवायला बोलवा म्हणून राज्यपालांना पत्र दिलं, तेही पुरेसं ठरलं (राजेंद्रसिंह राणा, २००७). तेव्हा रागाच्या भरात कोणाबरोबर राज्यपालांकडे जाऊ नकोस. दोन, पक्षादेशाविरुद्ध मत देणं किंवा मतदानाला गैरहजर राहणं. इथे आधी परवानगी मागता येते आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं तर अपात्रता येत नाही. परवानगी तोंडी मागू नकोस. अर्ज दोन प्रतींत ने आणि एका प्रतीवर पोच, वेळेसकट, घे. इथेच नवे लोक मार खातात. फोनवर ‘ठीक आहे’ ऐकतात आणि नंतर हातात काहीच नसतं.

व्हिप आला की सही कोणाची, ठराव कोणता, आणि मोडल्यास अपात्रता येईल असं स्पष्ट लिहिलंय का, ते बघ. किहोतो होलोहन निकालात, १९९२ मध्ये, न्यायालयाने अपात्रता आणणारा आदेश विश्वास-अविश्वासाचा ठराव आणि ज्या धोरणावर पक्षाने मतं मागितली ते विषय, एवढ्यापुरता मर्यादित ठेवायला सांगितलं. म्हणजे कायद्यानेही बिनशर्त निष्ठा मागितलेली नाही. मग तू ती का देतोस?

लोक म्हणतील, याला शिस्त कळत नाही. अरे, ग्वाल्हेरच्या माणसाला फाटाफुटीचे परिणाम कोणी शिकवायला नकोत. १९६७ मध्ये राजमाता विजयाराजे शिंद्यांच्या मागे ३६ विधायक गेले आणि द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार पडलं. मार्च २०२० मध्ये २२ जणांनी राजीनामे दिले आणि कमलनाथांचं गेलं. दुसऱ्या वेळी तर पक्षांतरबंदीचा कायदा होऊन ३५ वर्षं झाली होती. ज्याला जायचंय तो राजीनामा देऊन जातो, स्टँप पेपर त्याला अडवत नाही. तो अडवतो राहणाऱ्याला, ज्याला उद्या एखाद्या विधेयकावर ‘हे चूक आहे’ म्हणायचंय त्याला. असे कागद माझ्या हातूनही टाइप झाले आहेत. ‘बिनशर्त’ तेव्हाच खोडायला हवं होतं. खोडलं नाही, म्हणून आज इतका हट्ट धरतोय. हट्ट बरोबर आहे, असंच मला वाटतं.

नेत्यांना नुसतं नाही म्हणू नकोस, स्वतःचं पत्र ने. त्यात लिही: विश्वासदर्शक ठराव, अर्थसंकल्प आणि जाहीरनाम्यात छापलेले विषय यांवर मी पक्षाबरोबर मत देईन. इतर विषयांवर मतभेद असला तर मतदानाच्या किमान २४ तास आधी लेखी कळवीन. वर तारीख घाल, शेवटच्या ओळीला लागूनच सही कर, उरलेल्या जागेवर आडवी रेघ मार.

आणि त्या कागदाबरोबर बिनतारखेचा राजीनामाही मागितला असेल, तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावरून तसा वास येतोय, तर तो अजिबात देऊ नकोस. दिला असशील तर आजच अध्यक्षांना आणि विधानसभा सचिवालयाला पत्र टाक की मी स्वतः हजर राहून दिल्याशिवाय माझ्या नावाचा कोणताही राजीनामा स्वेच्छेचा मानू नये. १९० व्या अनुच्छेदात १९७४ पासून तरतूद आहे की राजीनामा स्वेच्छेचा आणि खरा नाही असं वाटलं तर अध्यक्षांनी तो स्वीकारू नये. पण ते वाटायला त्यांच्यासमोर काहीतरी हवं ना? स्पीड पोस्टाने एक प्रत, हाती एक प्रत, पोच फाइलला.

पत्राचा मसुदा भोपाळला निघण्याआधी मला वाचून दाखव. रात्री अकरापर्यंत जागा असतो.

तुझा,
काका