इंग्लंडात कोल्हे नाहीत

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘ब्रिटनमधल्या शिकारबंदीवरच्या एका मराठी लेखात “कोल्हा ही कीड आहे, असं तिथल्या शेतकऱ्यांचं म्हणणं” असं वाक्य आलं. इंग्रजी “व्हर्मिन”साठी कीड हा शब्द बरोबर आहे का? आणि “हाउंड”ला नुसतं शिकारी कुत्रा म्हटलेलं चालेल का?’

कीड चूक. कीड लागते ती कपाशीला, धान्याला, दाताला. चार पायांच्या जनावराचा उपद्रव होतो, आणि ‘उपद्रवी प्राणी’ हा शब्द आपल्याकडे सरकारी कागदांतही चांगला रुळलेला आहे. लॅटिन ‘व्हर्मिस’ म्हणजे अळी, त्यावरून ‘व्हर्मिन’ आला, हे खरं. पण तिकडच्या शब्दाचं मूळ अळीत आहे म्हणून आपण मेंढीचं पिल्लू पळवणाऱ्या जनावराला कीड म्हणायचं कारण नाही.

त्या वाक्यातली खरी चूक मात्र तुमच्याही नजरेतून सुटली. ती चूक म्हणजे ‘कोल्हा’. इंग्लंडात कोल्हे नाहीत. फॉक्स म्हणजे खोकड. कोल्हा म्हणजे जॅकल. ही दोन वेगळी जनावरं आहेत, आणि मराठीत दोघांना स्वतंत्र नावं असताना बातमीदार, भाषांतरकार आणि शाळेची पुस्तकं एकजात ‘फॉक्स’ दिसला की ‘कोल्हा’ लिहून मोकळी होतात. माळरानावर गुरं राखणाऱ्याला विचारा. खोकड मांजराहून जरासं मोठं, सडपातळ, झुपकेदार शेपटीचं, बिळात राहणारं, टोळ-किडे, उंदीर आणि बोरं खाणारं. कोल्हा त्याच्या दुपटीतिपटीने वजनदार, उसात शिरणारा, ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण कमावलेला. तिन्हीसांजेला एकाने सूर लावला की चारी बाजूंनी जी कोल्हेकुई उठते ती याचीच. इंग्लंडातलं लाल खोकड ऐन थंडीत, माजाच्या दिवसांत किंचाळतं खरं, पण टोळीने सूर धरणं खोकडाच्या जातीतच नाही.

आणि हाच मुद्दा कोल्ह्याच्या नावात बसलेला आहे! संस्कृतात ‘क्रुश्’ म्हणजे ओरडणं. त्यावरून ‘क्रोष्टृ’, म्हणजे ओरडणारा, म्हणजे कोल्हा. पालीत तो ‘कोट्ठु’ झाला, प्राकृतात ‘कोल्हुअ’, मराठीत ‘कोल्हा’, कोकणीत ‘कोलो’. त्याच क्रुश् धातूचा ‘आक्रोश’. आणि त्याच धातूचा ‘क्रोश’, म्हणजे हाक ऐकू जाईल तेवढं अंतर, आपला कोस. कोल्हा, कोस आणि आक्रोश ही एकाच घरची भावंडं आहेत. माझं तर स्पष्ट मत आहे की रात्रीच्या वाटसरूला कोसाचा अंदाज माणसाच्या हाकेपेक्षा कोल्ह्याच्या ओरडण्यावरूनच जास्त येत असणार. निर्मनुष्य वाटेवर रात्री हाक मारायला असतं कोण?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अठ्ठाविसाव्या सूक्ताची चौथी ऋचा काढून पाहा. तिथे सगळं उलटं चाललेलं आहे. नद्या ओंडके प्रवाहाविरुद्ध वाहून नेतात, ‘लोपाश’ सिंहावर चाल करून जातो, ‘क्रोष्टा’ रानडुकराला झुडपातून हुसकून लावतो. लोपाश आणि क्रोष्टा, एकाच ओळीत, दोघे वेगळे. लोपाश म्हणजे खोकड. ग्रीक ‘अलोपेक्स’ त्याचाच सगा मानला जातो, आणि द्राक्षं आंबट म्हणणारा इसापाचा प्राणी हा अलोपेक्सच. वैदिक कवीला जो फरक ठाऊक होता तो आपल्या वर्तमानपत्राला ठाऊक नाही, याचा मला मनस्वी राग येतो. पाणिनीने तर क्रोष्टु शब्द कसा चालवायचा यासाठी ‘तृज्वत् क्रोष्टुः’ असं वेगळं सूत्रच घातलं.

आता ‘कोल्हुअ’ हा देशी शब्द आहे, त्याचा संस्कृताशी संबंध नाही, असं म्हणणारे आहेत. त्यांचा आक्षेप असा की ‘ष्ट’चा ‘ट्ठ’ होतो, ‘ल्ह’ कुठून येणार? हा आक्षेप अर्धवट आहे. ‘वेष्ट्’चा वेढा झाला, ‘दंष्ट्रा’ची दाढ झाली, म्हणजे ‘ष्ट’चा ‘ढ’ होतो. आणि दोन स्वरांमधल्या ‘ढ’चा ‘ळ्ह’ व्हायला वेळ लागत नाही: ‘मीढुषे’ ऋग्वेदात ‘मीळ्हुषे’ आहे, ‘दृढ’ पालीत ‘दळ्ह’ आहे. मग ‘क्रोष्टु’, ‘कोढु’, ‘कोल्हु’ या साखळीत अडतं कुठे? रॅल्फ टर्नर यांनी भारतीय-आर्य भाषांच्या आपल्या तुलनात्मक कोशात मराठी ‘कोल्हा’ क्रोष्टृखालीच नोंदवला आहे. संस्कृत मूळ पटकन हाती लागलं नाही की ‘देशी’ असा शिक्का मारून पुढे जायचं, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. (आणि कृपा करून कोल्हापूरला इथे ओढू नका. जुन्या शिलालेखांत ते ‘कोल्लापूर’ आहे, त्याचा या जनावराशी संबंध नाही.)

हाउंड मागे लावून कोल्ह्याची शिकार खरोखर झाली ती हिंदुस्थानात. उटकमंडला आणि पेशावरला साहेबांनी विलायती फॉक्सहाउंड आणले आणि खोकडाऐवजी कोल्ह्यामागे सोडले. त्या शिकारीबद्दल लिहाल तेव्हा ‘कोल्हा’ खुशाल लिहा.

राहता राहिला ‘व्हर्मिन’. खोकड उपद्रवी की नाही, यावर ब्रिटनमध्ये जे दोन पक्ष आहेत त्यांचं भांडण या एका शब्दाभोवतीच फिरतं. १५६६च्या कायद्याने खोकडाच्या मुंडक्याला १२ पेन्स बक्षीस लावलं होतं. तेव्हा तो सरळसरळ उपद्रवी प्राणी होता. पुढे घोड्यावरून हाउंडमागे धावण्याचं वेड वाढलं, तसं याच प्राण्याला जपणं सुरू झालं. त्याच्यासाठी कृत्रिम बिळं बांधली, युरोपातून खोकडं आणून लंडनच्या लेडनहॉल बाजारात विकली. शिकारीऐवजी बंदुकीने किंवा विष घालून खोकड मारणाऱ्याला ‘व्हल्पिसाइड’ हे दूषण लावलं, आणि तेही थेट ‘पॅट्रिसाइड’ म्हणजे पितृहत्येच्या वळणावर बेतलेलं! ज्याला मारल्याबद्दल शेजारी वाळीत टाकतात तो उपद्रवी कसा?

डोंगराळ भागातल्या मेंढपाळांचं म्हणणं मात्र मी वेगळं ठेवतो. वेल्स आणि कंब्रियाच्या डोंगरांत बंदुकीचा नेम धरणं अवघड, गोळी लागून जखमी झालेलं जनावर कुढत मरतं, हाउंडने धरलेलं क्षणात मरतं, असं ते सांगतात. त्यांच्या तोंडी ‘उपद्रवी’ हा शब्द प्रामाणिक आहे. पण हाउंडच्या शिकारीची चौकशी करायला सरकारने नेमलेल्या २०००च्या बर्न्स समितीला खोकडामुळे जाणारी धडधाकट कोकरं साधारण २ टक्क्यांच्याही आत दिसली, आणि हाउंडच्या शिकारीत खोकडाच्या स्वास्थ्याला गंभीर बाधा येते असंही समितीने नोंदवलं. २००१मध्ये लाळ-खुरकुताच्या साथीत शिकार कित्येक महिने बंद होती, तरी खोकडांची संख्या वाढलेली आढळली नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २००४चा बंदीचा कायदा फेब्रुवारी २००५पासून लागू झाला, तो मला योग्यच वाटतो. ‘उपद्रवी’ हे कारण नंतर शोधलेलं आहे. शिकार होती हौसेची.

हाउंडबद्दल: इंग्रजी ‘हाउंड’, जर्मन ‘हुंड’ आणि संस्कृत ‘श्वन्’ मुळात एकच. ‘शिकारी कुत्रा’ चालेल, पण कुठला ते लिहा. आपला मुधोळ हाउंड डोळ्याने पाठलाग करतो, सशामागे सुसाट सुटतो; फॉक्सहाउंड नाक जमिनीला लावून वासावर तासन् तास चालतो. आणि ‘पॅक’ला ‘कुत्र्यांचा कळप’ लिहिणं बंद करा. कळप गुरामेंढरांचा. त्यासाठी ‘श्वगण’ हा नेमका शब्द तयार आहे. तो घेऊन हिंडणाऱ्याला ‘श्वागणिक’ म्हणावं, यालाही पाणिनीचं सूत्र आहे. फार संस्कृत वाटत असेल तर ‘टोळी’ म्हणा.