कोपरापाशी अडणारी कुबडी

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. पायांच्या स्नायूंतील ताठरपणामुळे तिला एल्बो क्रचेस, म्हणजे कोपराखाली हाताभोवती बसणारी वळलेली पट्टी (कफ) असलेल्या कुबड्या, वापरायला सांगितले आहे. नात्यातल्या एका मोठ्या मुलाची जोडी आम्हांला मिळाली. नळी सर्वांत आखूड केल्यावर मूठ योग्य उंचीवर आली. तरीही कफ कोपराला घासतो आणि ती खांदे उचलून चालते. सवय होईल का?

उत्तर : सवय होण्याची वाट पाहू नका. या कुबडीची दोन मापे असतात आणि ती एकमेकांपासून स्वतंत्र असतात : एक जमिनीपासून मुठीपर्यंतचे, दुसरे मुठीपासून कफापर्यंतचे. तुम्ही पहिले जुळवले. दुसरे मात्र मोठ्यांच्या हाताच्या लांबीचेच राहिले, कारण पुष्कळशा कुबड्यांत कफाची उंची बदलण्याची सोयच नसते. कफ कोपरावर आला की कोपर वाकत नाही, आणि कोपर वाकत नसेल तर कुबडी पुढे टाकण्यासाठी खांदा उचलण्यावाचून मुलीला गत्यंतर नसते. मूठ आणि कफ दोन्ही वेगवेगळे सरकवता येतील अशी लहान मापाची जोडीच घ्यावी लागेल. मुले वाढत असल्यामुळे ही दुहेरी सोय मला रंग, वजन आणि किंमत या तिन्हींपेक्षा महत्त्वाची वाटते.

माप घेताना मुलीच्या पायांत रोजचे बूट असावेत, आणि ती पायाला आधार देणारा ब्रेस वापरत असेल तर तोही असावा. अनवाणी घेतलेले माप बुटाच्या टाचेइतके चुकते. तिला शक्य तितके सरळ उभे करून हात सैल सोडायला सांगावे. मूठ मनगटाच्या घडीच्या पातळीवर यावी. नंतर कुबडीचे टोक पावलापासून ५ ते १० सेंटिमीटर बाहेर आणि १० ते १५ सेंटिमीटर पुढे टेकवून मूठ धरल्यावर कोपर साधारण १५ ते ३० अंश वाकलेले दिसले पाहिजे. कफाची वरची कड कोपराच्या हाडाखाली २.५ ते ४ सेंटिमीटर असावी. अकरा वर्षांच्या मुलीसाठी तिचीच दोन बोटे मध्ये मावली तरी पुरे. मुलीचे गुडघे उभे राहताना वाकत असतील, तर हे माप घरी न घेता फिजिओथेरपिस्टकडून, ती प्रत्यक्ष चालते त्या स्थितीत घ्यावे.

उंची बदलल्यावर स्प्रिंगचे बटण नळीच्या भोकातून पूर्ण बाहेर आले आहे की नाही, हे अंगठ्याने चाचपून पाहावे. अर्धवट अडकलेले बटण नुसते पाहून कळत नाही. कळते ते भार पडल्यावर.

प्रश्न : कफाच्या कुबड्या वापरणारा माझा मुलगा १५ वर्षांचा असून वर्षभरात झपाट्याने उंच झाला आहे. हल्ली तो वाकून चालतो, तळहात दुखतात आणि करंगळीत मुंग्या येतात. दार उघडताना हात सोडला की कुबडी पडते, म्हणून तो चिडतो.

उत्तर : उंची वाढली आणि मूठ होती तिथेच राहिली, असे वर्णनावरून दिसते. मूठ कमी उंचीवर राहिली की शरीर पुढे झुकते आणि तळहातावरचा भार वाढतो. या वयात दर तीन महिन्यांनी, आणि नवे बूट घेतले की त्याच दिवशी, दोन्ही मापे पुन्हा तपासावीत. मुंग्या मात्र केवळ मापावर सोडू नका. तळहाताच्या करंगळीकडील बाजूला मज्जातंतू दाबला जात असण्याची शक्यता असते, त्यामुळे डॉक्टरांना लवकर दाखवा. गोल, अरुंद मुठीऐवजी तळहाताच्या आकाराची रुंद मूठ भार पसरवते; तिच्यात डावी-उजवी वेगळी असते, हे जोडी घेताना पाहावे.

कुबडी पडण्याची तक्रार कफाच्या प्रकाराशी निगडित आहे. पुढून उघडा, अर्धा कफ हातातून चटकन निघतो. हाताभोवती जवळजवळ पूर्ण वळसा घालणारा, बिजागरीचा कफ असेल तर मूठ सोडल्यावरही कुबडी हाताला लटकत राहते आणि दाराची कडी उघडता येते. पण पडताना हात तितका सहज सुटत नाही. वारंवार तोल जात असेल तर मी अर्धाच कफ सुचवेन. अन्यथा दोन्ही प्रकार दहा-दहा मिनिटे वापरून मुलालाच ठरवू द्या, रंगही त्यालाच निवडू द्या. लाजेपोटी कोपऱ्यात उभी राहिलेली कुबडी कितीही अचूक मापाची असली तरी निरुपयोगीच. नव्या जोडीची भारक्षमता त्याच्या आजच्या वजनापेक्षा पुरेशी जास्त आहे, याची मात्र खात्री तुम्ही करा. जुनी जोडी बदलेपर्यंत तळाचे रबरी बूच उलटे करून पाहा : त्यावरची गोल कडी झिजून गुळगुळीत झाली असतील किंवा एकीकडे जास्त झिजली असतील, तर बूच आजच बदला.